न्हाणीघराचा थाट आणि घसरती फरशी

महोदय,

सांगलीत विश्रामबाग परिसरातील जुन्या घरांची बाथरूम नव्याने करून घेताना चकचकीत टाइल्स, काचेचे पार्टिशन आणि छताच्या मोठ्या शॉवरवर हात सैल सोडून खर्च होतो. मात्र ओल्या फरशीवर घसरून ज्येष्ठांची हाडे मोडतात, याचा विचार आराखड्यात क्वचितच दिसतो. जमिनीला खरबरीत टाइल्स, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा आणि पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे दर मीटरला साधारण 1 सेंटिमीटर उतार, एवढे तरी हवेच. वॉटरप्रूफिंगनंतर किमान 24 तास पाणी साठवून गळती तपासल्याशिवाय टाइल्स बसवू देऊ नयेत. शिवाय गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम 2-3 मीटर उंचावर असल्यास वरच्या मजल्यावर तो महागडा शॉवर प्रेशर पंपाविना नीट चालत नाही, हे विक्रेत्यांनी आधीच सांगावे.

— एक वाचक, सांगली