परत कशी येणार ते सांगितलं नाहीस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्यानंतर मी दोनदा लावला, दोन्हीदा कट झाला, म्हणजे तूच केलास, ठीकच केलंस. म्हटलं लिहूनच पाठवू. फोनवर माझा आवाज चढतो आणि आई मागून हातवारे करत उभी राहते, त्यात मी आणखी भडकतो.

आधी ते एक मिटवून टाकू. "मग आता नाव काय घेणार, मारिया?" हे मी बोललो ते बोलायला नको होतं. चेष्टेत बोललो असं सांगणार होतो, पण चेष्टा नव्हती आणि ते तुलाही कळलंय. चूक झाली. तुझी आई दोन दिवस मला नुसता वरणभात वाढतेय, वर लिंबाची फोडसुद्धा नाही, त्यावरून समज काय ते.

तू नाताळच्या रात्री वसईच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणार याला माझा विरोध नाही. खरंच नाही. मला एवढंच विचारायचं होतं की मिस्सा, म्हणजे त्यांची ती प्रार्थना, संपायला साडेबारा-एक होणार, तिथून वसई रोड स्टेशन काही जवळ नाही, त्या रात्री रिक्षा मिळणार का, शेवटची लोकल सापडणार का, आणि बोरिवलीला उतरल्यावर तुझ्या त्या गल्लीत दिवे असतात का. हे विचारायला फोन केला होता आणि तोंडातून भलतंच निघालं.

तू दिवाळीत सांगत होतीस तेव्हा मी पेपर वाचतोय असं तुला वाटलं असेल, पण मी सगळं ऐकत होतो. चर्चच्या गाण्याच्या ग्रुपचा व्हायोलिनवाला कुवेतला गेला म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीनं तुला नेलं, आणि पहिल्या दिवशी तू सवयीनं खाली मांडी घालून बसलीस आणि सगळे बघत राहिले, हे ऐकून मला हसू आलं होतं. खुर्चीवर बसून वाजवायचं, तारा षड्ज-पंचमात न लावता त्यांच्या पद्धतीनं जी-डी-ए-ई लावायच्या, आपला सा गाणाऱ्याबरोबर वर-खाली होतो पण त्यांचा ए जागचा हलत नाही. आणि तू मींड घेतलीस तर त्यांच्या गाणं बसवणाऱ्या सरांनी "घसरू नको बाळा, उडी मार" असं सांगितलं म्हणे. बारा वर्षं गुरुजींनी तुला घसरायला शिकवलं, उडी मारलीस की गजानं टेबलावर टकटक करायचे, आणि आता हे. पण तू सांगताना खूश होतीस. सगळे वेगवेगळे सूर धरतात आणि तरी ते भांडत नाहीत बाबा, असं म्हणालीस. मी पेपरचं पान उलटलं. घरात भांडण न होता चार सूर कसे लागतात ते मलाही शिकायचंय, असं म्हणायला हवं होतं तेव्हा, सुचलं नाही.

तुम्ही वाजवणार ते नाताळचं गाणं, सायलेंट नाइट, मी मोबाइलवर ऐकलं. चार-पाच वेळा ऐकलं. ते सहा मात्रांत चालतं हे तू सांगितलं नव्हतंस! मी टेबलावर दादरा धरला, धा धि ना धा ती ना, अगदी बसला, फक्त इतका सावकाश की झोप यावी, आणि झोपेचंच गाणं आहे ते. मग सवयीनं शोधलं. २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ नावाच्या गावात पहिल्यांदा म्हटलं, शब्द तिथल्या पाद्र्याचे, चाल ग्रूबर म्हणून एका शाळामास्तराची, आणि साथीला फक्त गिटार. १८१८ म्हणजे इकडे पेशवाई बुडाली ते साल. इथे शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढून वर्ष झालं होतं आणि तिकडे एक मास्तर गिटारीवर अंगाई बसवत होता. विश्वकोशात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला त्याचा हा परिणाम, कुठलंही साल दिसलं की शेजारी दुसरं साल मांडायचं. असो. गिटारवरून आठवलं, ग्रुपच्या फोटोत तुझ्या शेजारी गिटार घेऊन उभा आहे तो मुलगा कोण असं आई विचारत होती. मी विचारत नाहीये.

आजीला मी सांगितलेलं नाही. चर्चचं सांगितलेलं नाही, नाताळात कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं. ती म्हणाली, आपल्या मुक्ताचा हात गोड आहे, कुठेही वाजवेल. तुझ्या त्या सरांच्या आईनं दिवाळीला दिलेली सुकेळी तिनं चार दिवस पुरवून पुरवून खाल्ली, कुठली ते एकदाही विचारलं नाही. मला वाटतं तिला सगळं कळतं.

मी आता एक कबूल करतो. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले आणि इथे कट्ट्यावर काही लोक बडबडायला लागले, तेव्हा मी त्यांच्याशी तावातावानं भांडलो होतो. मराठी काय कुणाच्या बापाची आहे का, असं मी म्हणालो होतो, तू तेव्हा सुट्टीवर आली होतीस, तू ऐकलंस. आणि रविवारी तू तेच मला ऐकवलंस, की बाबा तुमचं सगळं मोठेपण दुसऱ्याच्या घरापुरतं असतं. लागलं ते. रात्री झोप नाही आली. फादर वसईचेच होते ना, म्हणजे तू जिथे वाजवणार आहेस त्यांच्याच मुलखातले. ते गेले तेव्हा मी घरी चुकचुकलो होतो, आणि आता स्वतःच्या मुलीला काय बोललो बघ.

परवा मेणवलीला गेलो होतो. काही काम नव्हतं. घाटावरच्या त्या घंटेपाशी बसलो. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन दाखवायचो, वर बघ, बाई आणि बाळ दिसतंय का. तू म्हणायचीस कृष्ण आणि यशोदा. मी तेव्हा तुला दुरुस्त केलं नाही, आणि मी तर पोटापाण्याला दुरुस्त्याच करायचो. १७०७ साल आहे त्या घंटेवर आणि मेरी आणि बाळ येशू, चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधून आलेली. म्हणजे वसईची घंटा पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे आहे आणि आपण काही परत केली नाही, मग वाईची मुलगी एक रात्र तिकडे वाजवून आली तर त्यांचं थोडं तरी फिटेल. हे मला तिथे बसल्यावर सुचलं आणि मी एकटाच हसलो. एक टूरिस्ट बघत होता.

पण घंटा गेली ती गेलीच ना गं. असं मनात येतं. कवी रेव्हरंड टिळकांची नोंद विश्वकोशाच्या जुन्या खंडात आहे, ती मी काढून वाचली. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बायको लक्ष्मीबाई मागे राहिल्या, मग काही वर्षांनी त्याही गेल्या. तरुणपणी वाचलं तेव्हा मला टिळकांचं कौतुक वाटलं होतं, केवढं धाडस वगैरे. आता वाचताना मी सारखा घरी राहिलेल्या माणसांचा विचार करत होतो, निरोप आला तेव्हा कोण ओट्यावर बसलं असेल, कोण काय बोललं असेल. तू व्हायोलिन वाजवणार आहेस, बाप्तिस्मा घेणार नाहीयेस, हे मला कळतं. कळूनही मनात येतं ते सांगतोय. रागावू नकोस. किंवा रागाव, पण फोन कट करू नकोस.

आणि खरं म्हणजे हे टिळक-बिळक नाहीच. तुला आठवतं का माहीत नाही, तू सात वर्षांची होतीस. २५ जानेवारी २००५. शैलाआत्या तुला काळूबाईच्या यात्रेला घेऊन गेली, मी नको म्हणत होतो, आई म्हणाली जाऊ दे, नवस आहे. दुपारी ऑफिसात बातमी आली मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्यात. फोन लागेनात. मी मोटरसायकल काढली तर रस्ताच बंद. मग मी गावातच नुसता येरझाऱ्या घालत राहिलो, दवाखान्यापाशी जायचो आणि आत न जाता परत फिरायचो. जवळजवळ तीनशे माणसं गेली त्या दिवशी. तू रात्री साडेनऊला आलीस, कुणाच्या तरी टेम्पोतून, अनवाणी, हातात नारळाची करवंटी घट्ट धरलेली, आणि दारातच म्हणालीस बाबा माझी चप्पल हरवली, आई रागावेल का. मी तुला काहीच बोललो नाही. मागच्या अंगणात गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

तेव्हापासून कुठेही गर्दी म्हटलं, देऊळ म्हणू दे, चर्च म्हणू दे, की माझ्या डोक्यात एकच येतं, परत कशी येणार. वीस वर्षं झाली. तू पुण्याला कॉलेजला गेलीस तेव्हाही तेच, मुंबईला नोकरीला गेलीस तेव्हाही तेच. कृष्णाबाईच्या उत्सवात तुझी तार तुटली आणि उरलेल्या तीन तारांवर तू मालकंस पुरा केलास, लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बघत होतो मंडपाचा दुसरा दरवाजा कुठे आहे.

बरं, आता सूचना. स्वेटर घालून जा, तिकडे केळीच्या बागांत रात्री गारवा असतो आणि बोटं आखडतात. जागा नवीन आहे तर बाहेर जायचं दार आधी बघून ठेव. मिस्सात ती पवित्र भाकर वाटतात तेव्हा सगळे रांगेत उठले म्हणून तू उठू नकोस, ती त्यांच्यातल्याच लोकांनी घ्यायची असते. आपल्याला विटाळ होईल म्हणून नाही सांगत, त्यांचा मान ठेवायचा म्हणून. आणि उगाच सगळ्यांचं मन राखायला काहीही हो म्हणत जाऊ नकोस, तुझा स्वभाव तसा आहे, शाळेत असताना... जाऊ दे. लेक्चर सुरू झालं माझं. सत्तावीस वर्षांच्या मुलीला रांगेत कधी उठायचं ते बाप सांगतोय. सॉरी.

मला एक हवंय. ते सहा मात्रांचं गाणं वाजवताना मोबाइल चालू करून कुणाच्या तरी हातात दे. त्या गिटारवाल्याच्या दे हवं तर. आम्ही जागे असू, आजीही असेल. सरांना विचार, एखादी बारीकशी मींड चालेल का, शेवटच्या ओळीत. घेतलीस तर मला इथे कळेल.

जेव. आई रागावलेली नाही तुझ्यावर, माझ्यावर आहे.

तुझा,
बाबा

ता. क. शेवटची लोकल किती वाजता आहे ते कळव. नको, राहू दे, मीच बघतो. तिथल्याच कुणाच्या घरी राहून सकाळी निघालीस तरी चालेल, पण कुणाच्या घरी ते कळव.