दुबईच्या करामा भागातल्या त्या दोघांचे आभार
दुबईत जाहिरातीच्या धंद्यात नऊ वर्षं काढली, तरी अरबी वाचता येत नाही. (लाजच आहे.) परवा रात्री अकराला करामातल्या एका दुकानात सकाळच्या प्रेझेंटेशनचे बोर्ड छापायला दिले. पहिलाच बोर्ड बघून मशीनवरचे मल्याळी काका थांबले. ‘साब, ये अरबी टूटा है.’ ही अक्षरं एकमेकांना जोडून, उजवीकडून डावीकडे लिहितात. आमच्या फाइलमध्ये ती सुटी पडून ओळ उलटी झाली होती. काकांनी शेजारच्या किराणा दुकानातून एका सुदानी गृहस्थांना बोलावलं, त्यांच्याकडून चारही हेडलाइन नव्याने टाइप करून, मोठ्याने वाचून घेतल्या. मला सुलेमानी (बिनदुधाचा चहा) पाजली. वाया गेलेल्या बोर्डाचे पैसेही घेतले नाहीत. घाईत दोघांची नावं विचारायची राहिली. काका, बोर्ड वेळेत पोचले. मनापासून आभार, दोघांचेही.