वॉलमन मामांना, येरेवानहून

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू फोनवर वाचून दाखवणार आहे. त्याला सांगा, सावकाश वाच आणि मधलं गाळू नको. पत्र जाहीर आहे, त्यामुळं आपल्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरची ओळखीची माणसं वाचतील, अनोळखीही वाचतील. तुमचं नाव घातलेलं नाही. "नाव कशाला, वॉलमन म्हटलं की कळतंय की," असं तुम्हीच गेल्या रविवारी म्हणालात.

बाकीच्यांना ओळख करून द्यायची तर मामा आमच्या भागात पाणी सोडायचे, म्हणजे रस्त्याखालच्या पाइपांचे वॉल (व्हॉल्व्ह) पाळीप्रमाणं उघडायचे-बंद करायचे. सायकलच्या दांडीला बांधलेली लांब लोखंडी चावी, कॅरियरला फडकं, खिशात छोटी डायरी. गल्लीच्या एका टोकाला "पाणी आलं" आणि दुसऱ्या टोकाला "नीर बंतु" अशी आरोळी उठेपर्यंत मामा पुढच्या वॉलपाशी पोचलेले असायचे. आमच्याकडं पाणी चौथ्या दिवशी यायचं, उन्हाळ्यात सहाव्या-सातव्या. लग्नाची तारीख ठरवताना आधी मामांना विचारायचं आणि मग भटजींना, अशी पद्धत होती. ही थट्टा नाही, माझ्या आत्याच्या लग्नात तसंच झालं.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून नगररचनेच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध घेऊन घरी आले. विषय होता बेळगावचा पाणीपुरवठा. नकाशासाठी एका कार्यालयात तीन आठवडे खेटे घातले. शेवटी मिळाला तो इतका जुना, की त्यावर आमची गल्लीच नव्हती. मी जिन्यात उभी राहून तो उलटासुलटा करत होते. तुम्ही खालच्या पायरीवर बसून चहा पीत होता. "नकाशा पायजे काय? उद्या पहाटे चारला ये." एवढंच बोललात आणि बशी पालथी घातलीत.

पहाटे तुम्ही मला पहिल्या वॉलपाशी उभं केलं. मी वही काढली, तर म्हणालात, "काय लिहालीस? आधी मोज." चावी तुम्ही फिरवत होता, मोजत मी होते. साडेसात आट्यांवर थांबलात. पूर्ण का उघडत नाही म्हणून विचारलं. "सगळा उघडला की खालच्या गल्लीत अंगणं धुतील आणि वरच्या गल्लीत नळ नुसता फुस्स करंल." डायरीत प्रत्येक वॉलचे आटे होते, उन्हाळ्याचे वेगळे, पावसाळ्याचे वेगळे, गणपतीतले वेगळे. कागदोपत्री ज्या वॉलला नंबर होता, त्याला तुमच्या डायरीत नाव होतं. आडमुठा. म्हातारी. चिंचेखालचा. त्यातली चिंच कधीच तोडलेली. रजिस्टर कन्नडमध्ये, नकाशा इंग्रजीत आणि आटे मराठीत. आडमुठ्याला मात्र तुम्ही तिन्ही भाषांतल्या शिव्या घालून फिरवलात.

राकसकोप जलाशयाचं पाणी हिंडलग्याच्या पंपांवरून लक्ष्मीटेकडीवर चढतं, हिडकल धरणाचं कुंदरगी-तुम्मरगुद्दीचे पंप ढकलतात तेव्हा बसवनकोळला पोचतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तिकडं तासभर लाइट गेली की आमच्या गल्लीची पाळी एक दिवस कशी सरकते, ते तुमच्याकडून कळलं. आधी टाकी भरायची, मग उंचावरच्या गल्ल्या, मग बाकीच्या. अर्धवट भरलेल्या टाकीवर वॉल उघडला तर कुणालाच धड मिळत नाही. एका दिवसाचा उपास सगळ्यांनी करायचा, असं तुमचं गणित.

पाइप ऐकायला शिकवलंत त्या रात्री विसरणं शक्य नाही. दिवसा वडगावात कापडाच्या मागांच्या खडखडाटात शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून शेवटचा माग बंद व्हायची वाट बघायची, बारा-साडेबारापर्यंत. मग सळईचं एक टोक पाइपला आणि दुसरं कानामागच्या हाडाला. चांगला पाइप गप्प असतो किंवा एकसारखा घुमतो. गळका बारीक शीळ घालतो. पहिल्या रात्री मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. तिसऱ्या रात्री शीळ सापडली, तुम्ही खडूनं रस्त्यावर फुली मारलीत, आणि सकाळी खणल्यावर जॉइंट फुलीपासून हातभर अंतरावर निघाला. एवढा वेळ मामी कट्ट्यावर थर्मास घेऊन बसलेल्या. तरण्या पोरीला घेऊन म्हातारा रात्री गल्ल्या हिंडतोय असं कुणी बोलू नये म्हणून तुम्ही त्यांना रोज झोपेतून उठवून आणायचा. मामींचे आभार या पत्रात तुमच्या आधी मानायला हवे होते. चुकलंच.

आणि शेवटचं घर. कुठल्याही लाइनवर गेलं की तुम्ही आधी शेवटच्या घराचं दार वाजवायचा. टाकीजवळच्या घराला पाणी मिळतंय यात काय बघायचं, म्हणायचा. शेवटच्या घरात बाई घागर कुठं ठेवते ते बघ. नळाखाली ठेवत असेल तर प्रेशर आहे. खड्डा खणून जमिनीखाली ठेवत असेल तर नाही. प्रेशर गेज मी नंतर वापरलं. घागरीनं मला अजून एकदाही फसवलेलं नाही.

एक गोष्ट त्या वेळी मी विचारायची टाळत होते. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा इथं जागतिक बँकेच्या कर्जातून काही वॉर्डांना २४ तास पाणी सुरू झालं होतं, वस्तीच्या साधारण दहाव्या हिश्शाला. चालवायला व्हेओलिया ही फ्रान्सची कंपनी होती. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष सरळ होता, की हे सगळ्या शहरात करावं. रिकाम्या पाइपात आजूबाजूचं गटार ओढलं जातं, भरण्या-रिकामं होण्यानं जॉइंट सैल होतात, आणि गल्लीतली बाई नळाच्या पाळीला बांधली जाते. सगळं खरं. पण जिथं पाणी कधी बंदच होत नाही, तिथं ते सोडायला माणूस लागत नाही. म्हणजे तुमच्या डायरीवरून मी तुमचं काम संपवायचा कागद लिहीत होते. शेवटी एकदा मी ते बोलून टाकलं. तुम्ही जराही न थांबता म्हणालात, "मग मी रात्री झोपीन की."

त्यानंतर दुसऱ्या दिवशी डायरी माझ्या हातात दिलीत, झेरॉक्स काढायला.

आता माझं इकडचं सांगते, कारण दर फोनला तुम्ही "तिथं रस्ते करतीस काय" असं विचारता. आर्मेनिया हा १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून सुटलेला छोटा देश, येरेवान त्याची राजधानी. आमच्या धंद्यात अशा देशांना संक्रमणातल्या अर्थव्यवस्था म्हणतात. काल सगळं सरकारचं होतं, आज सगळं ज्याचं त्याचं, आणि जिन्यातला बल्ब कुणाचा ते ठरायचं राहून गेलंय. १९८८ च्या मोठ्या भूकंपानंतर त्यांनी १९८९ मध्ये अणुवीज केंद्र बंद केलं, ते १९९५ मध्ये परत सुरू झालं. मधल्या वर्षांत सीमा बंद, गॅस नाही, लाइट दिवसाला एक-दोन तास. पंप थांबले. राजधानीतली माणसं आपल्यासारखी पाळीनं पाणी भरायला लागली. आपल्याकडं निदान सवय होती. बटण दाबलं की लिफ्ट येते असं लहानपणापासून बघितलेल्या माणसानं नवव्या मजल्यावर बादली चढवायची, म्हणजे काय झालं असेल बघा.

त्यातून ते बाहेर कसे आले हे तुमच्या आवडीचं आहे. २००० मध्ये एका इटालियन कंपनीला व्यवस्था बघायला दिली, २००६ मध्ये फ्रेंच कंपनीला भाड्यानं दिली. कोणती? तीच, व्हेओलिया. एकाच सुमारास ती आपल्या काही वॉर्डांत आणि या शहरात होती, हे इथं आल्यावर मला कळलं आणि मी ऑफिसात एकटीच हसले. २००२ मध्ये कायदा करून सांगितलं, मीटर बसवा, जुनी थकबाकी माफीला येईल. तोवर बिल डोई ठरावीक लिटर धरून यायचं, मग नळ कोण कशाला बंद करील? आणि तिसरी गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितली असती. शहराच्या खालच्या आणि वरच्या टोकात चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक आहे, झरे डोंगरात आहेत. जिथं जमेल तिथं पंप सोडून उतारावरनं पाणी आणलं, विजेचं बिल उतरलं. आपल्याकडं राकसकोप आणि हिडकल दोन्हीकडून पाणी चढवायचंच आहे, त्यामुळं इथलं गणित उचलून तिथं ठेवता येत नाही. हे मी बैठकीत सांगते तेव्हा लोक वैतागतात.

माझं काम इमारतींच्या आतल्या पाइपांचं आहे. सोव्हिएत काळचे नऊ मजली सिमेंटच्या तुकड्यांचे ब्लॉक. घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली. तळघर, छप्पर, जिना आणि उभे पाइप कुणाच्याच नाही. कंपनी म्हणते आमचं भिंतीपर्यंत, मालक म्हणतो माझं दारापासून. मधल्या तळघरात पाणी ठिबकत बसतं.

अशाच एका ब्लॉकचं प्रेशर कंप्युटरवर हिरवं दिसत होतं. मी शेवटच्या घरात जायचं म्हणाले. लिफ्ट बंद, नऊ जिने. वर एक आजी. तिच्या न्हाणीघरातल्या टबावर फळी, फळीवर जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या, आणि फळीखाली टब काठोकाठ भरलेला. चोवीस तास पाणी येऊन कितीतरी वर्षं झाली होती. दुभाष्यानं टब का भरून ठेवता म्हणून विचारलं, तर तिनं उत्तर न देता नळ सोडला. तो दोनदा खोकला, तपकिरी थुंकला आणि करंगळीएवढा वाहू लागला. माझी आई सिंटेक्स बसल्यावरही तांब्याचा हंडा भरून ठेवते, त्यामुळं मला दुभाष्या लागला नाही.

रात्री दोनला परत गेले. सळई नव्हती, प्लंबरचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. बरोबरचा इंजिनिअर आधी हसला, मग मोबाइल बंद करून गप्प उभा राहिला. चौथ्या मजल्यापर्यंत पाइप नुसता घुमत होता, खाली तळघराकडं यायला लागलो तशी शीळ आली. वडगावचीच शीळ, मामा. तळघरातला जॉइंट गेला होता आणि वरचा पाइप आतून गंजून एवढासा उरला होता. खडू नव्हता, म्हणून लिपस्टिकनं फुली मारली. मामींना हे सांगा.

इथं रस्त्यावर कमरेएवढे दगडी नळ असतात, पुलपुलाक म्हणतात. वाकलं की थेट तोंडात पाणी. त्याचा व्हिडिओ पाठवला तेव्हा तुम्ही काळजीच्या आवाजात दोनदा विचारलंत, "कॉक कुठाय? रात्री बंद कोण करतंय?" कुणीच नाही. बऱ्याच पुलपुलाकांना तोटीच नसते. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मला वाटलं रेंज गेली.

आता देण्याचं. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सहा नावं आहेत. त्यातल्या दोघांनी मला फक्त थांबवून ठेवलं होतं. तुमचं नाव नाही. पेन्शन यायची आहे, डायरी बाहेर दिली म्हणून कुणी विचारील, असं तुम्ही म्हणाला होता, हे खरं. पण तुम्ही तसं म्हणाल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही खरं. नकाशाखाली एकटीचं नाव बरं दिसत होतं. त्याच नकाशावर मला पहिली नोकरी लागली आणि त्या नोकरीवरून ही. नकाशा तुमचा आहे. आटे तुमचे आहेत, नावंही तुमचीच. तो मी नव्यानं काढलाय, चिंचेखालचा, म्हातारी, आडमुठा सगळे जागच्या जागी घालून, आणि खाली 'माहिती: वडगावचे वॉलमन' असं लिहिलंय. प्रत फ्रेम करून आणते. भिंतीला खिळा तुम्ही ठोका.

नातू म्हणत होता, घर आवरताना सळई भंगारात घालायची म्हणून. घालू नका. चावी दिलीत तरी चालेल, सळई नको. पुण्यात माझ्या 'येतो'ला हॉस्टेलच्या मुली हसायच्या, आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात हे त्यांना पटायचं नाही. इथं हसायला कुणी नाही. तेव्हा मामींना सांगा, मे महिन्यात सुट्टी घेतलीय, येतो.

तुमची,
पाणी मोजणारी पोरगी