सोन-कुलचा फोटो आणि बाकीचं

बिश्केक, किर्गिझस्तान,
१० ऑगस्ट २०२५

ती. आई, बाबा आणि आजीस,
सा. न. वि. वि.

आजीला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. उदगीरची मैत्रीण सुट्टीला निघालीय, तिच्या हाती देतेय. मी मजेत आहे. कॉलेज, मेस, मेसमधली डाळ, सगळं तेच.

आत्या म्हणे सोन-कुल तळ्याचा फोटो बघून म्हणाली, "शिकायला गेलीय की फिरायला?" दोनच दिवस गेलो होतो. सहाजणी होतो, गाडीवाला ओळखीचा. हे तळं ३,०१६ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. स्वेटर घातला होता, आई! तिथं औषधालाही झाड नाही. नुसतं गवत, घोडी, मेंढरं आणि पाण्यापलीकडे मोल्दो-तूचे डोंगर. मेंढपाळ उन्हाळ्यापुरते नमद्याच्या गोल तंबूत राहतात, हिवाळ्यात तळंच गोठतं. सरपण नाही, म्हणून वाळलेलं शेण जाळतात. आजी, अगदी तुझ्या गोवऱ्यांचा वास. मी चुलीपाशीच बसून राहिले.

चहाचं मात्र ऐका. बिनकानाची वाटी, तळाला दोन घोट चहा. मला वाटलं, आम्ही नकोसे झालो की काय! आपल्याकडे असा चहा पुढे केला तर सोयरीक मोडेल. प्यायला की तंबूतली मावशी वाटी मागून घेणार, परत दोनच घोट. माझ्या सात वाट्या झाल्या. मग कळलं, कमी चहा म्हणजे 'बसा, अजून वाढायचंय.' काठोकाठ भरली तर 'प्या आणि निघा.' म्हणजे भरलेली वाटी हाच अपमान! एकीनं 'पूर्ण भरा' म्हणून हट्ट केला, मावशी बिचारी आमच्याकडे बघतच राहिली.

घोड्याचं मटण खाल्लेलं नाही. पाव, साय, जॅम, बस. आणि बाबा, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला इथला परदेशी विद्यार्थ्यांविरुद्धचा दंगा आता काढू नका. आम्ही अंधार पडला की बाहेर जात नाही.

ताईच्या लग्नाची तारीख मार्गशीर्षातली निघत असेल तर धरून टाका. माझ्या परीक्षेसाठी पाहुण्यांना थांबवू नका. साखरपुड्यालाही मी नव्हतेच. माझ्या फीच्या हप्त्यासाठी ठेवलेलं सोयाबीन पडत्या भावात काढू नका, कॉलेजच्या ऑफिसात मुदत मागितलीय. या सुट्टीत न आल्यानं वाचलेल्या तिकिटाच्या पैशाला हात लावलेला नाही, ते ताईच्या लग्नाला घ्या.

तुमची,
छकुली

ता. क. सहलीला चार हजार सोम गेले. रुपयेही जवळपास तेवढेच. वरच लिहायला हवं होतं.