विंचवावरची गोळी कोकणातच का मिळत नाही? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मुलाचे बाबा मुंबईत नोकरीला. घरात मी, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. यंदाच्या भातकापणीत खळ्यावर रचलेल्या भाऱ्यांत खेळताना त्याला लाल विंचू चावला. तो वाचला, हे आधीच सांगते. कसा वाचला, तेही आपण ऐकून घ्यावं, एवढीच सुरुवातीची विनंती.

आधी तो खूप रडला. मग रडायचाच थांबला. घामाच्या धारा, उलट्यांवर उलट्या, हातपाय गार. सासूबाई म्हणाल्या, "विंचू चढतोय गो, रिक्षा बघ." ग्रामीण रुग्णालयात नेलं. नवी इमारत आहे. तिच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माइकवरून शब्द दिला होता, की विंचू-सापाचं औषध चोवीस तास मिळेल, बालरोगतज्ज्ञ येतील, यापुढे कुणाला घाट चढायला लागणार नाही. त्या संध्याकाळी तिथे बंधपत्रावर आलेला एक तरुण डॉक्टर होता आणि एक सिस्टर. बालरोगतज्ज्ञाच्या खोलीला कुलूप. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि "पुढे न्या" असं लिहून दिलं.

त्या पोरसवदा डॉक्टरवर माझा राग नाही. त्याच्या कपाटातच काही नव्हतं.

रुग्णवाहिकेची वाट बघितली, मग गावातल्याच एकाची गाडी मिळाली. आंबा घाटात मुलाचा श्वास घुरघुरायला लागला, तोंडाला गुलाबी फेस आला. मी त्याला उभं धरून बसले होते आणि ड्रायव्हरला हळू म्हणावं की जोरात, तेच कळत नव्हतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "प्राझोसिन दिली होती का?" मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. फुप्फुसात पाणी झालं होतं. अतिदक्षता विभागाच्या बिलापायी माझं मंगळसूत्र सोनाराकडे गेलं, ते अजून तिथेच आहे.

साहेब, ही प्राझोसिन कुठून आली, हे नंतर कळलं तेव्हा मी जास्त रडले. ती नवी, महागडी गोष्ट असती तर गप्प बसले असते. रक्तदाबाची जुनी, काही रुपयांची गोळी आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात रक्तवाहिन्या आवळणारी रसायनं उसळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी होतं. ही गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. विंचवावर ती चालते हे दाखवून दिलं आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. कोकणात! १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पोरं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहून ठेवलं. १९८२ साली ते 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन आली आणि जिथे शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे हे प्रमाण अगदी थोड्यावर आलं. २०११ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. गोळीबरोबर विंचवावरचं सीरम, म्हणजे विषावरचा उतारा, तेही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले; नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. हे सीरम आपल्या राज्याच्याच हाफकिन या सरकारी कंपनीत तयार होतं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे संशोधन कोकणात झालं, कोकणातल्या माणसांवर झालं. जगभरचे डॉक्टर ते वाचतात. आणि माझ्या तालुक्यात गोळी नाही.

मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. माझा मुलगा सोळा किलोचा. एक मिलिग्रॅमची अर्धी गोळी! तेवढ्यासाठी मी लेकराला फेस येताना बघितलं. परत आल्यावर बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये मुद्दाम विचारलं, तर मिळते ती हळूहळू विरघळणारी, मोठ्यांची. ती मोडून लेकराला द्यायची नसते. लहानांच्या मापाचं औषध कुणी करत नाही, कारण त्यात नफा नाही. मग गोळीचे तुकडे करायचे, चमच्यात विरघळवायचे आणि अंदाजाने पाजायचं. लहानांच्या मापाचं औषध करायचं तर मुलांवर चाचण्या घ्याव्या लागतात, आणि ते म्हटलं की लोक दचकतात. पण त्यांना २०१९ चे नियम आहेत, नीतिसमिती आहे, आईबापांची लेखी संमती लागते, सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार घ्यावा लागतो. अंदाजाने पाजलेल्या औषधाला यातलं काय लागतं? त्याची तर नोंदही होत नाही.

नोंदीचं सांगते. माझ्या मुलाच्या केसपेपरवर 'कीटकदंश' लिहिलंय. कसला कीटक? चिरेखाणीतल्या कामगाराचं पोर असो की गडग्याजवळ लाकडं काढणारी बाई, सगळे 'कीटकदंश' झाले तर वर्षाअखेर विंचवाचे रुग्ण शून्यच दिसणार. रुग्ण शून्य, म्हणून मागणी शून्य, म्हणून कपाट रिकामं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावचे बाळांचे मृत्यू मोजले, घरीच उपचार करून दाखवले, १९९९ साली ते छापलं, म्हणून आज देशभर आशाताई नवजात बाळाला बघायला घरी जातात. मोजलं म्हणून झालं. आमची पोरं कोण मोजतंय?

अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. तिथल्या बालरोग विभागांना विंचूदंशाचा, सर्पदंशाचा, लेप्टोच्या तापाचा अभ्यास द्या. पैसे नाहीत म्हणू नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत बजेटचे आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चावे असं लिहिलंय; आपलं राज्य त्याच्या जवळपासही नाही. इमारतीला पैसे मिळतात, कोनशिलेला मिळतात. २०११ पासून मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतोय, त्याच खड्ड्यांतून आजारी माणूस मुंबईला न्यायचा. कोकणी माणूस चाकरीलाही मुंबईला जातो, बरा व्हायलाही मुंबईलाच जातो. मतं मात्र इथे घेता.

एप्रिलमध्ये पुन्हा विंचवाचे दिवस सुरू होतील. त्याआधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनच्या साध्या गोळ्या, सीरम आणि मुलांच्या मात्रेचा तक्ता पोचवा, आणि केसपेपरवर विंचवाला विंचूच लिहायला सांगा. उत्तरात आश्वासन नको. कुठल्या केंद्रात किती गोळ्या आहेत, त्याची यादी पाठवा. मी स्वतः जाऊन बघून येईन.

आपली,
एक आई
जिल्हा रत्नागिरी