हर्बी मान ऐकवणाऱ्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

समोर बोलायला आलो की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का" म्हणून विषय कट करता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय, आता वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी सांगतो. काका आमच्या सोसायटीतले, रिटायर्ड, घरात एक अख्खी भिंत रेकॉर्डची. मी खालच्या मजल्यावरचा बासरीवाला. शिकलो क्लासिकल, पण वाजवतो कीबोर्ड, गिटार, ड्रम्सवाल्या बँडमध्ये, आणि रडगाणं कायम एकच, ड्रमरने सिंबल (ड्रम्सवरच्या पितळी थाळ्या) सुरू केले की माझी बासरी गायब, माइक कितीही वाढवा. काकांनी त्यावर सल्ला वगैरे काही दिला नाही, कपाटातून हर्बी मान या अमेरिकन जॅझ फ्लूटवाल्याच्या रेकॉर्डी काढल्या आणि म्हणाले, बासरी ऐकू नकोस, तिच्याखाली काय चाललंय ते ऐक.

मान 1930 चा, ब्रुकलिनचा, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घराण्यातला. सुरुवात क्लॅरिनेटवर, मग टेनर सॅक्स. पण न्यूयॉर्कमध्ये टेनरवाले तेव्हा ढिगाने, त्यांच्यात कोण विचारणार, मग 1953 मध्ये मॅट मॅथ्यूज नावाच्या डच अकॉर्डियनवाल्याच्या ग्रुपमध्ये हा फ्लूट घेऊन शिरला आणि पुढे फ्लूटच त्याची ओळख झाली. त्या काळात जॅझमध्ये फ्लूट वाजायची पण बहुतेक सॅक्सवाल्याचं साइडचं वाद्य म्हणून, ट्रम्पेटसमोर तिचा आवाज तो केवढा! म्हणजे माझंच दुखणं की हो.

आणि मग तुम्ही त्याची 'अॅट द व्हिलेज गेट' लावलीत. 1961 चं लाइव्ह रेकॉर्डिंग, न्यूयॉर्कच्या क्लबमधलं. त्यातलं 'कमिन होम बेबी' मी आधी कुठेतरी ऐकलेलं होतं, पण खाली काय चाललंय ते तुम्ही बोटाने टेबलावर वाजवून दाखवलंत तेव्हा कळलं. ती ट्यूनच मुळी बेन टकरची, म्हणजे बेसवाल्याची, बेसची एकच ओळ फिरत राहते, वर व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), बाजूला हाताने वाजवायची तालवाद्यं, आणि पियानो नाहीच. तिथे फ्लूटला जागाच जागा आहे. क्यूबाच्या चारांगा बँडमध्ये तर लाकडी बासरी तालवाद्यांबरोबर कधीपासून वाजत आलीये, म्हणजे मानने काही जादू केली नाही, जिथे बासरीचं आधीच जमत होतं ते त्याने नीट हेरलं. 1960 मध्ये अमेरिकन सरकारच्या टूरवर तो आफ्रिकेत जाऊन आला होता, मग ब्राझीलला गेला, 1962 मध्ये रिओत बाडेन पॉवेल, सर्जिओ मेंडेस, खुद्द जोबिम अशा तिथल्या संगीतकारांबरोबर रेकॉर्ड केली. अमेरिकेत बोसा नोवाची, म्हणजे ब्राझीलच्या त्या सांबा आणि जॅझच्या मिश्रणाची, नुसती लाट होती तेव्हा हा थेट उगमापाशी जाऊन बसला. हे मला त्याचं फार आवडतं.

मला वाटलं होतं की हा माणूस ताल बदलत राहतो कारण तालाशिवाय त्याचं काही चालत नाही. त्यावर तुम्ही काही न बोलता त्याची 'निर्वाणा' लावलीत. बिल एव्हान्सचा पियानो, चक इझ्राएल्सचा बेस, पॉल मोशियनचे ड्रम्स, आणि त्यात एरिक साटी या फ्रेंच संगीतकाराची 'जिम्नोपेदी' ही संथ रचना. सगळं इतकं मोकळं की फुंकेतली हवासुद्धा ऐकू येते. बस, बोलती बंद.

'मेम्फिस अंडरग्राउंड'वरून मात्र आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. 1969 ची रेकॉर्ड, मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत केलेली, तिथली सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाण्याचं संगीत) वाजवणारी पोरं आणि न्यूयॉर्कहून आणलेले लॅरी कोरिएल, सॉनी शॅरॉक, रॉय एयर्स. तुमचं म्हणणं शॅरॉकची ती किंचाळणारी गिटार तिथे उपरी वाटते, माझं म्हणणं तीच असल्यामुळे रेकॉर्ड जिवंत आहे, नाहीतर नुसती गुळगुळीत झाली असती. 'पुश पुश'वर आपलं एकमत आहे, गिटारवर ड्युएन ऑलमन आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही, फक्त त्या कव्हरवर मान उघड्या अंगाने फ्लूट खांद्यावर टाकून उभा आहे म्हणून काकू ती रेकॉर्ड उलटी ठेवतात, तेवढं काकूंना समजवा.

रेगे झालं, मग 1975 मध्ये 'हायजॅक', डिस्को, तुफान चाललं. मी दोनदा ऐकलं आणि पुरे झालं. तिथे खालचा ताल इतका ठरलेला की वर फ्लूटच्या जागी काहीही चाललं असतं. लोकांनी त्याला संधिसाधू म्हटलं ते अशा रेकॉर्डींमुळेच असणार, आणि तेवढ्यापुरतं मला ते पटतं. पण मग साठीच्या पुढे हाच माणूस 'ईस्टर्न युरोपियन रूट्स' करतो, जगभरचे ताल फिरून झाल्यावर घरचं संगीत. मे 2003 मध्ये आजारी असताना न्यू ऑर्लिन्सच्या फेस्टिव्हलला वाजवलं आणि जुलैच्या 1 तारखेला गेला.

काका, तुमच्यामुळे झालं काय ते सांगतो. मी ड्रमरला हळू वाजव म्हणायचं सोडून दिलं (तो तसंही ऐकत नव्हता). आता माझ्या तुकड्याला तो सिंबल सोडून काहोनवर (हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर) बसतो, कीबोर्डवाला डावा हात उचलतो, आणि बेस एकच ओळ धरून ठेवतो. बासरी तीच, माइक तोच, आणि मागच्या रांगेतल्या बायका "कोण वाजवतंय" म्हणून वळून बघतात. खालच्या सप्तकात वाजवायची हिंमतसुद्धा आत्ता आली, आधी ऐकूच जायचं नाही म्हणून सारखा तार सप्तकात ओरडत बसायचो.

थँक्यू काका, मनापासून. रविवारी रेकॉर्डी परत आणतोय, 'निर्वाणा' सोडून, ती अजून थोडे दिवस राहू द्या. आणि एरिक डॉल्फी या दुसऱ्या जॅझवाल्याची फ्लूट ऐकवतो म्हणाला होतात, ती काढून ठेवा. चहा मी घेणार आहे, विचारू नका.