सीक्वेन्सर स्टेप मोजून घेऊ नये

सन्माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रॉनिक संगीताच्या यंत्रांवरचा लेख वाचला. या विषयाला एवढी जागा दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यातला एक सल्ला वाचून राहवलं नाही. हार्डवेअर स्टेप सीक्वेन्सर घेताना जितक्या जास्त स्टेप (म्हणजे एकेक सूर भरायची घरं) तितका तो चांगला, असं लेखात सुचवलं आहे. नऊ वर्षांपूर्वी मी हीच फूटपट्टी लावून पहिला सीक्वेन्सर घेतला आणि दोन वर्षं त्याच्याशी झगडत बसले. नव्याने शिकणाऱ्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्र.

सीक्वेन्सर स्वतः आवाज काढत नाही. कुठला सूर कधी लावायचा आणि कधी सोडायचा, एवढंच तो सिंथेसायझरला, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या यंत्राला, सांगत राहतो. म्हणजे वाजवणाऱ्याचा हात फिरतो तो सीक्वेन्सरवर, आणि तो हात सुखाने फिरतो का, हे सगळ्यात आधी पाहायला हवं.

माझ्या पहिल्या यंत्रात ६४ स्टेप होत्या, आठ ट्रॅक (एकाच वेळी चालणाऱ्या ओळी) होते आणि काडेपेटीएवढा पडदा होता. ओळ चालू असताना पाचव्या स्टेपचा सूर जरा उतरवायचा झाला, तर आधी ट्रॅक निवडायचा, मग पान बदलायचं, स्टेपचं बटण दाबून धरायचं, मेन्यूत पिच (सुराची उंची) शोधायचं आणि मग तो एकुलता एक नॉब फिरवायचा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत (मात्रेला चार स्टेप) सोळा स्टेपची फेरी दोन सेकंदांत संपते. मी सुरापर्यंत पोहोचेपर्यंत चार फेऱ्या होऊन जायच्या आणि मनात आलेली जागा निसटायची. हळूहळू मी चालू ओळीला हात लावायचंच सोडून दिलं. आधी सगळं ठरवायचं, भरायचं आणि नुसतं ऐकत बसायचं.

पुढे एका मैत्रिणीकडे कोर्गचा एसक्यू-१ हाताळायला मिळाला. दोन ओळींत आठ-आठ नॉब, खाली बटणं, पडदा नाही. पाचवा सूर उतरवायचा तर पाचवा नॉब फिरवायचा, झालं! त्या संध्याकाळी आठच सुरांवर मी तीन तास वाजवत होते. ही मांडणी काही नवी नव्हे. १९६० च्या दशकातल्या मूगच्या ९६० या सीक्वेन्सरमध्येही तीन ओळींत आठ-आठ नॉब होते. रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनने १९८० मध्ये सोळा बटणं एका रांगेत बसवली आणि चार-चारच्या गटांना वेगवेगळे रंग दिले. अख्खा ठेका एका नजरेत वाचता येतो, म्हणून ती रांग आजही नव्या यंत्रांवर दिसते.

आठ स्टेपमध्ये होणार काय, असं नव्या माणसाला वाटतं. त्याने प्रत्येक ओळीची लांबी वेगळी ठेवता येते का, ते विचारावं. एक ओळ ८ स्टेपची आणि दुसरी ७ ची ठेवली, तर दोघी पुन्हा समेवर भेटतात त्या ५६ स्टेपनंतर. १२० च्या लयीत हे सात सेकंद झाले. एवढ्या वेळात तेच सूर दर फेरीला नव्या जोडीने कानावर येतात.

दुसरी गोष्ट क्लॉकची, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका लयीत ठेवणाऱ्या ठोक्यांची. लेखात तिचा उल्लेखच नाही आणि खरी डोकेदुखी तिथेच असते. मिडी (संगीतयंत्रांची एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा) क्लॉक एका मात्रेला २४ पल्स (ठोके) पाठवतं, तर कोर्गची छोटी यंत्रं लय जुळवायच्या सिंक जॅकमधून दोनच. हे जुळवलं नाही तर एक यंत्र धावतं आणि दुसरं रांगतं. माझ्या मॉड्यूलरमध्ये (सुटे भाग केबलने जोडून बनवलेल्या सिंथेसायझरमध्ये) याहून चिवट बिघाड निघाला. ड्रम पहिल्या ठोक्यावर आला की बेस बरोबर एक स्टेप पुढे असायचा. तीन रात्री मी केबल बदलून पाहिल्या. शेवटी लक्षात आलं की रिसेट आणि क्लॉक एकाच क्षणी पोहोचताहेत. सीक्वेन्सर रिसेटवर पहिल्या स्टेपला यायचा आणि तोच क्लॉक मोजून दुसऱ्या स्टेपवर जायचा. रिसेटचा पल्स दोन मिलिसेकंद उशिरा पाठवला आणि बेस जागेवर बसला. चांगला सीक्वेन्सर ही काळजी स्वतःच घेतो. तेव्हा विकत घेण्याआधी तो आपल्या क्लॉकला जोडून चार वेळा थांबवून, चार वेळा सुरू करून पाहावा.

व्होल्टेजचंही तसंच. मॉड्यूलरला कुठला सूर लावायचा, ते सीक्वेन्सर व्होल्टेजने सांगतो. बहुतेक मॉड्यूलर सिंथ एका सप्तकाला एक व्होल्ट मानतात, म्हणजे लगतच्या दोन सुरांत जेमतेम ८३ मिलिव्होल्टचं अंतर. नॉबच्या सीक्वेन्सरला क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या नेमक्या सुरावर नेणारी सोय) नसेल, तर सूर जुळवताना बोटं दुखतात. कोर्गच्या एमएस-२० या सिंथचा हिशेब तर निराळाच आहे. तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट लागतं.

नॉबवाल्या यंत्रांची उणीवही सांगायला हवी. साधी यंत्रं पॅटर्न साठवत नाहीत. कालची चाल आज हवी असेल, तर नॉबचे फोटो काढून ठेवावे लागतात, मी ते आजही करते. मंचावर एकामागून एक रचना सादर करणाऱ्याला मेमरी लागतेच. अशांसाठी आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोसारखं यंत्र बरं. त्यात साठवणही आहे आणि सोळा नॉबही. ते गोल-गोल फिरत राहणारे आहेत, म्हणून पॅटर्न बदलला तरी नॉबची जागा आणि सूर यांचा घोळ होत नाही. त्यातही ६४ स्टेप आहेत, पण मी त्याचं नाव घेतलं ते या नॉबसाठी.

लेखकांना एक विनंती. पुढच्या लेखात यंत्रांच्या मागच्या बाजूचेही फोटो छापावेत. क्लॉक, रिसेट, गेट (सूर कधी लावायचा-सोडायचा तो इशारा) आणि सीव्ही (कुठला सूर ते सांगणारं व्होल्टेज) यांतले कोणते जॅक आहेत आणि कोणते नाहीत, ते तिथेच दिसतं.

आपली नम्र,
एक नियमित वाचक